त्या दिवशी मागचं दार उघडं होतं

माझ्या घरात नवा कपडा आला की मी तो आधी उलटा करते. रंग, नक्षी, किंमत हे सगळं मागाहून. आधी बाजूची शिवण, मग काखेतला सांधा, मग गळ्याची पट्टी. धाकटी बहीण चित्रा यावरून माझ्यावर भयंकर वैतागते. परवा तिनं मारुती मंदिरापाशी निघालेल्या नव्या दुकानातून एक टॉप आणला. मी पिशवीतून काढला आणि सवयीनं उलटा केला, तर म्हणाली, "ताई, लोक नव्या कपड्याचा वास घेतात, तू त्याचं पोस्टमॉर्टेम करतेस." मी हसले, पण अंगठा गळ्याच्या पट्टीवरून फिरतच राहिला. पट्टी कुठे चुणली नव्हती, कुठे ताणली नव्हती. जिनं कुणी ती लावली होती तिचा हात सुनंदाताईंच्या हातासारखा होता.

तेवढ्यात खालच्या वाडीतून ढोल वाजला. फाल्गुन लागलाय, पोरांचा सराव चाललाय. आमच्या रत्नागिरीत या दिवसांत अख्खा मुलूख अंगात आल्यासारखा वागतो. एरवी वर्षभर तोंड न दाखवणारे मुंबईकर शिमग्याला बरोबर हजर होतात, हातखंब्याच्या नाक्यावर गाड्यांची रीघ लागते, आणि गावोगावच्या देवांच्या पालख्या घरोघर निघतात. काजू मोहरलेला असतो, कलमांवर कैऱ्या गोट्यांएवढ्या झालेल्या असतात, घामानं पाठ ओली असते. सगळ्यांना आवडणारा महिना आहे हा. मला तो आवडत नाही. ढोल ऐकला की मी खिडकी लावून घेते, आणि पाच वर्षं झाली तरी ती सवय सुटलेली नाही.

दोन हजार चारचा फाल्गुन. मी बी.कॉम. होऊन वर्ष झालं होतं. बाबा एसटीतून निवृत्त व्हायच्या आधीच अर्धांगानं आडवे झाले होते, चित्रा शाळेत होती, आणि घरात कमावतं माणूस म्हणजे मी. एमआयडीसीत, सड्यावर म्हणजे वरच्या कातळी माळावर, कपड्यांच्या कारखान्यात पास होताच मला टाइम ऑफिसात नोकरी मिळाली होती. आम्ही त्याला नुसतं 'कंपनी' म्हणायचो आणि मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. परदेशातल्या एका मोठ्या दुकानसाखळीसाठी तिथे बायकांचे टॉप शिवले जात. शंभरावर बायका मशीनवर बसायच्या. हजेरी घेणं, कोण आलं, कोण उशिरा आलं, कोणाची रजा, कोणाचा खाडा, हे टिपणं माझं काम.

तिकडच्या बायकांना म्हणे दर पंधरवड्याला दुकानात नवीन काहीतरी दिसावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे दर दहा-बारा दिवसांनी नमुना बदलायचा. गोल गळ्याची सवय हाताला होते न होते तोच तिकोनी गळा यायचा, तो जमतोय तोवर बाहीला झालर. हात बसायला वेळच नाही. आणि प्रत्येक नव्या नमुन्याच्या पहिल्या दिवसापासून लक्ष्य मात्र पूर्ण. भिंतीवर काळा फळा होता, त्यावर दर तासाला खडूनं आकडा लिहिला जायचा. आकडा कमी आला की फॅक्टरी मॅनेजर तावडेसाहेब रांगेच्या मागून यायचे आणि बाईच्या डोक्यामागे एकदम टाळी वाजवायचे. ओरडायचे नाहीत, हात लावायचे नाहीत. फक्त टाळी. शंभर मशीनच्या आवाजातही ती ऐकू यायची. अजून बसस्टँडवर कुणी मागून टाळी वाजवून हाक मारली की माझे खांदे वर जातात.

आणि ती लाकडी पाटी. चाळीस बायकांच्या एका रांगेला एक पाटी, त्यावर रांगेचा नंबर, वर भोक पाडून घातलेली सुतळी. सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेली असायची. बाथरूमला जायचं तर ती गळ्यात घालून जायचं आणि आल्यावर पुन्हा टांगायची. पाटी जागेवर नसेल तर थांबायचं. बायका सकाळी घोटभर चहासुद्धा विचार करून प्यायच्या. पहिल्या आठवड्यात मला ते बघून रडू आलं होतं. दुसऱ्या महिन्यात पाटीची सुतळी तुटली, तेव्हा नवी सुतळी मीच ओवून दिली. माणूस कसा निर्ढावतो हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

सुनंदाताई गळ्याची पट्टी लावायच्या. चाळिशीच्या, अंगानं किडकिडीत, कपाळावर बारीक टिकली. त्यांचं गाव कंपनीच्या मागे सडा उतरला की खालीच, पायवाटेनं दहा मिनिटं. नवरा जहाजावर होता. एका वर्षी जहाज परत आलं, नवरा आला नाही. मुंबईत त्यानं दुसरं घर केलं असं लोक सांगत. त्या स्वतः त्यावर कधी बोलल्या नाहीत. दहा वर्षं सासरच्या मोठ्या घरात मागच्या पडवीत राहिल्या, मग वाडीच्या टोकाला मिळालेल्या जागेत त्यांनी जांभ्या चिऱ्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या. एक मुलगी, दहावीला. मला त्या 'बाय' म्हणायच्या आणि डब्यातली फणसाची भाजी न विचारता माझ्या झाकणात काढून ठेवायच्या.

त्या फाल्गुनात एक दिवस त्या टाइम ऑफिसच्या खिडकीशी आल्या. चेहरा असा की मला वाटलं मुलीचं लग्न ठरलं.

"बाय, औंदा पालखी माझ्या घरी येनार."

"म्हणजे?"

"म्हंजे माझ्या घरी गो! गावकऱ्यांनी पालखीच्या यादीत माझां घर लावून घेतलानी. आतापावत मोठ्या घरात यायची, मी आपली मागं उभी. औंदा सुनंदाचां घर म्हनून येनार. गुरुवारी. मला रजा होयी."

ज्यांना हा रिवाज ठाऊक नाही त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. पालखी घरोघर जाते, पण दार उघडं आणि दारात घरचं माणूस असेल तरच थांबते. तिथे ओटी भरायची, नारळ ठेवायचा, गुरव त्या घरासाठी गाऱ्हाणं घालतो. दारात कोणी नसेल तर ढोल तसाच वाजत पुढे जातो. त्यात कुणाचा राग नसतो, रिवाज असतो. पण पहिल्याच वर्षी पालखी दारावरून गेली तर वाडीत काय बोललं जाईल हे सांगायला नको. आणि मुलीचा नेमका त्या गुरुवारी बोर्डाचा पेपर. सुनंदाताईंशिवाय दारात उभं राहायला दुसरं माणूस नव्हतं.

मी कॅलेंडरवर बोट ठेवलं. त्याच गुरुवारी ऑडिट होतं.

ऑडिट म्हणजे हिशेबाचं नव्हे. परदेशातल्या त्या दुकानसाखळीचं माणूस येऊन बघणार की इथे बायकांना नीट वागवतात की नाही. त्या माणसानं शेरा चांगला दिला तर पुढच्या हंगामाच्या ऑर्डरी, नाही तर ऑर्डरी दुसऱ्या कुठल्यातरी गावाला. तावडेसाहेब महिनाभर त्याच्याच तयारीत होते. आणि त्या तयारीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं, कारण माझा आवाज खणखणीत होता आणि बायकांचं माझ्याशी जमायचं. उत्तरं पाठ करून घ्यायचं काम.

रोज जेवणाच्या सुट्टीतली शेवटची पंधरा मिनिटं. मी कँटीनमधल्या बाकावर उभी राहायची, हातात कागद, बायका समोर. आठवड्याची सुट्टी मिळते का? मिळते. जास्तीचं काम स्वतःच्या मर्जीनं करता का? मर्जीनं. बाथरूमला केव्हाही जाता येतं का? येतं. रजा मागितली की मिळते का? मिळते. पहिले दोन दिवस बायकांच्या तोंडून आवाजच निघेना. खोटं बोलायची लाज नव्हती तेवढी, सगळ्यांच्या देखत एका सुरात बोलायची होती. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आठवड्याची सुट्टी सगळ्यांना मिळते का?" आणि इस्त्रीवर असलेली मंगल मागून ओरडली, "व्हय म्हाराजाऽ!"

सगळं कँटीन खदखदून हसलं. गाऱ्हाण्यात गुरव एकेक मागणं देवापुढे मांडतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात, हे तिथल्या प्रत्येकीच्या कानात लहानपणापासूनचं. मीही हसले. पुढचा प्रश्न मुद्दाम गुरवासारखा हेल काढून विचारला. शंभर बायका एका दमात म्हणाल्या, "व्हय म्हाराजाऽ!" मग तसंच सुरू झालं. आधी सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा', मग एकेकीनं खरं उत्तर, म्हणजे पाठ केलेलं खोटं उत्तर. चार दिवसांत बारा प्रश्न बारा जणींना झोपेतून उठवून विचारले तरी आले असते. तावडेसाहेब दारातून बघून गेले आणि म्हणाले, "कसला मंत्र घातलास गं यांच्यावर?" मला फार अभिमान वाटला. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटला होता.

सुनंदाताईंचा रजेचा अर्ज घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तावडेसाहेब मुंबईचे, पण मूळ राजापूरकडचे. त्यांच्या टेबलावर फोन, पित्ताच्या गोळ्या आणि कुठल्यातरी टॉपचा सीलबंद नमुना, एवढंच कायम असायचं. मुंबईच्या ऑफिसातून फोन आला की ते उभे राहून बोलायचे. आमच्यावर टाळ्या वाजवणारा माणूस फोनवर "येस सर, येस सर" करताना मी कितीदा पाहिला होता.

"गुरुवारी? वेड लागलंय का तिला?"

"साहेब, पालखी आहे तिच्या घरी. पहिल्यांदाच."

"माझ्या गावची पालखी मी सात वर्षं बघितली नाही. मेलो का मी?" त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि पाण्याशिवाय गिळली. "गळा तिच्याशिवाय कोणाला नीट येत नाही. ऑडिटची बाई हिंडून मशीनवरचं काम बघणार, तेव्हा सुनंदा जागेवर पाहिजे." मग जरा थांबून म्हणाले, "नऊला सुरू होईल, बारापर्यंत आटपेल. कुणी तोंड वेडंवाकडं उघडलं नाही तर बाराला सोडतो तिला. जा सांग. आणि हे बघ, तुझं पत्र टाइप करून ठेवलंय. एप्रिलपासून कायम. ऑडिट होऊन जाऊ दे, सही करतो."

मी निरोप सांगितला. सुनंदाताईंनी मनाशी अंदाज बांधला. "बाराला? बरां. आमच्याकडं दोनाशिवाय येत नाय पालखी. घरी जाऊन न्हायला पन टायम हाय." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आनि तुझां पन काम होतंय म्हन की!" माझ्या पत्राचं मी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. बाबांच्या औषधांचं, चित्राच्या शाळेचं, सगळंच त्यांना ठाऊक होतं.

गुरुवार उजाडला. मी सातलाच पोचले. लाकडी पाट्या खिळ्यांवरून काढून माझ्या खणात कुलपात घातल्या. पिण्याच्या पाण्याशी नवे पेले आले होते. आणि मागचं दार उघडलं होतं. शेडच्या मागच्या भिंतीत आगीच्या वेळी बाहेर पडायचं एक दार होतं. एरवी त्याला साखळी आणि कुलूप असायचं, पुढे कापडाचे गठ्ठे रचलेले. त्या दिवशी गठ्ठे हलवले, जमिनीवर लाल रंगाचा बाण काढला आणि दार सताड उघडून त्याला विटेचा टेकू लावला. मी वर्षभरात पहिल्यांदा ते उघडं पाहिलं. पलीकडे जांभ्याचा सडा, पिवळं पडलेलं गवत आणि खाली उतरणारी पायवाट. वारा आत आला आणि त्याबरोबर काजूच्या मोहराचा वास. बायका हातातलं काम थांबवून क्षणभर त्या दाराकडे बघत राहिल्या.

सुनंदाताईंनी त्या दिवशी हिरवं नवं पातळ नेसलं होतं. दार सकाळीच उघडं टाकून आल्ये, म्हणाल्या. पाट मांडून ठेवलाय, ओटीचं ताट झाकून ठेवलंय, शेजारणीला सांगितलंय की कुत्रं येऊ देऊ नको.

नऊ वाजले, दहा वाजले, कोणी येईना. ऑडिट करणाऱ्या बाईंची कोकण रेल्वेची गाडी कुठेतरी अडकली होती. मी घड्याळाकडे बघायची, सुनंदाताई माझ्याकडे बघायच्या. दरम्यान एक गंमत झाली, तिला गंमत म्हणावं का कळत नाही. एक बाई उठली, नेहमीसारखी सुपरवायझरच्या टेबलाशी गेली, हात खिळ्याकडे नेला. खिळा रिकामा. पाटी नाही म्हणजे जायचं नाही. ती मुकाट परत येऊन मशीनवर बसली. मी धावत जाऊन तिच्या कानात सांगितलं, अगं आज पाटी लागत नाही, जा. तिनं माझ्याकडे अविश्वासानं पाहिलं. अशा त्या सकाळी तीन-चार जणी उठून परत बसल्या.

बाई अकराला आल्या. सुती साडी, जाड चष्मा, दुकानसाखळीच्या मुंबईच्या ऑफिसातल्या, पण मराठी आपल्यासारखी. त्यांनी सगळी शेड पाहिली, दार पाहिलं, पाणी पाहिलं, मग सगळ्या रांगांतून बोट दाखवून एकूण आठ जणी निवडल्या आणि कँटीनमध्ये नेल्या. त्यांत सुनंदाताई होत्या. साहेबांना बाहेर थांबायला सांगितलं. मला वाटलं, सुटलो. पाव तासानं निरोप आला की हजेरीचं रजिस्टर घेऊन या.

मी आत गेले. बायका बाकांवर बसलेल्या. बाई टेबलाशी कागदावर काहीतरी लिहीत होत्या. रजिस्टर द्यायला मी नेमकी त्या बाकाशी उभी राहिले जिथे रोज उभी राहायची. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही. बाईंनी मान वर न करताच पुढचा प्रश्न वाचला, "आठवड्याची सुट्टी सगळ्यांना मिळते का?"

आणि आठही जणी, माझ्याकडे बघत, एका सुरात म्हणाल्या, "व्हय म्हाराजाऽ!"

एकीनं पदर तोंडावर घेतला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढला. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझं सासर लांज्याचं आहे," त्या म्हणाल्या. "हे कुठे म्हणतात मला माहीत आहे. इथे गाऱ्हाणं कोण घालतं?"

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि इतक्या जणी इतक्या काळजीनं माझ्याकडे बघायचं टाळत होत्या म्हणूनच बाईंना कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहून घेतलं. मग आवाज उतरवून बायकांना म्हणाल्या, "घाबरू नका. फाल्गुन चालू आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आज पालखी आहे का? रजा मागितली होती का कुणी?"

मी सुनंदाताईंकडे पाहिलं. हो म्हणाल्या असत्या तर बाईंनी त्यांना तिथल्या तिथे घरी पाठवलं असतं, आणि मग साहेबांना आणि मला जाब विचारला असता. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. त्यांनीही घड्याळ पाहिलं. बाराचा शब्द होता ना.

"नाय," सुनंदाताई म्हणाल्या. "आज कुनाकडं नाय. रजा मागितली की गावते आमाला."

बाईंनी कागद गोळा केले. "मला आणखी काही जणींशी एकेकटीनं बोलायचंय. जेवणानंतर. साहेबांना सांगा, एकही बाई बाहेर जाता कामा नये."

बारा वाजले. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "कोणी हलायचं नाही. एक बाई कमी दिसली तर संपलं. तिला सांग, थांब." मी जाऊन सांगितलं, "थोडा वेळ लागेल सुनंदाताई." त्यांनी मान डोलावली आणि मशीन सुरू केलं.

दोनच्या सुमाराला ढोल ऐकू यायला लागला. एरवी ते दार बंद असतं म्हणून आत काही येत नसे. त्या दिवशी दार उघडं होतं. सड्याखालून आवाज थेट शेडमध्ये येत होता. सुनंदाताईंचं मशीन दारापासून चौथं. पट्टी गळ्याला लावता लावता त्या हळू आवाजात सांगत होत्या, शेजारणीला की स्वतःला, देव जाणे. "आता सहाणेच्या चौथऱ्यावरनां उठली... आता गुरवाकडं... थांबली बघ. आता तळ्याकडच्या घरी." ढोल थांबायचा, पुन्हा वाजायचा, आणि दर खेपेला थोडा जवळून. केबिनमध्ये बाई एकेकीला बोलावत होत्या. मी रांगेच्या टोकाशी हजेरीचा पॅड घेऊन उभी. पाठीवरून घाम ओघळत होता.

"आता मोठ्या घरी," सुनंदाताई म्हणाल्या. मोठं घर म्हणजे सासर. त्यानंतरचं घर त्यांचं.

त्यांचे हात थांबले. त्यांनी दाराकडे पाहिलं. वीट, लाल बाण, पायवाट. धावत गेलं असतं तर पाच मिनिटं. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

आणि मी मान हलवली. नाही म्हणून. इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला माशी झटकली असं वाटलं असतं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे बाबा नव्हते, चित्रा नव्हती. साहेबांच्या खणातलं टाइप केलेलं पत्र होतं, खाली सहीची रिकामी जागा. हे मी आज प्रामाणिकपणे लिहिते.

सुनंदाताईंनी मान खाली घातली. खाली ढोल पुन्हा सुरू झाला. मी दाराकडे कान देऊन उभी राहिले, ढोल थांबावा म्हणून. तो थांबला नाही. एका लयीत वाजत वाजत शाळेच्या दिशेनं गेला आणि लहान होत गेला. त्यांनी तो टॉप पुरा केला, दोरा कापला, बंडलात ठेवला, पुढचा घेतला.

पाचला बाई केबिनमधून बाहेर आल्या. त्यांची यादी संपली होती, आणि प्रत्येकीनं त्यांना तीच पाठ उत्तरं दिली होती. सुनंदाताईंना त्यांनी बोलावलंच नव्हतं. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "पाठांतर चांगलं घेतेस. शाळेत शिकवत जा." पुढे महिन्याभरानं आलेल्या शेऱ्याची प्रत मी माझ्या हातांनी फाइलला लावली. कामगारांना आपले हक्क माहीत आहेत, असं त्यात होतं. संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग खुला आढळला, असंही होतं.

त्या संध्याकाळी सुट्टी झाल्यावर सुनंदाताई पातळ झटकत माझ्याजवळून गेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"बाय, तुझी उत्तरां बरोबर आली ना सगली?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कुलूप होतं आणि पाट्या खिळ्यांवर. आठवड्याभरात सुनंदाताईंनी काम सोडलं. मी त्यांच्या नावापुढे रेघ मारली. एप्रिलमध्ये मी कायम झाले. 'कायम' म्हणजे दोन वर्षं, कारण मग त्या दुकानसाखळीला आणखी स्वस्त शिवून देणारं कुणीतरी कुठेतरी सापडलं आणि कंपनी बंद झाली. तावडेसाहेब जायच्या दिवशी मला म्हणाले, "चला, यंदा तरी गावची पालखी बघीन." शेडमध्ये आता आंब्याची खोकी ठेवतात.

परवा चित्राचा टॉप हातात होता, खाली ढोल वाजत होता, आणि मला एकदम ते सगळं असह्य झालं. पाच वर्षांत मी त्या वाडीत पाऊल टाकलं नव्हतं. काल रिक्षा केली आणि गेले. कालचा दिवस पालखीचा आहे हे मी चौकशी करून ठेवलं होतं.

सुनंदाताई थकल्यात. केस पांढरे झालेत. मला बघून म्हणाल्या, "बाय! ये, ये, ऊन केवढां हाय," आणि कोकमाचं सरबत पुढे केलं. मुलगी नर्स झाली, चिपळुणात आहे, म्हणाल्या. घराला पडवी काढल्येय. ओटीचं ताट तयार होतं. मी सरबत तसंच हातात धरून बसले. मग पाच वर्षं बोलायचं राहिलेलं एकदम बाहेर आलं.

"सुनंदाताई, त्या दिवशी मागचं दार उघडं होतं. मी तुम्हाला जा म्हटलं असतं तर..."

त्यांनी तांदूळ निवडता निवडता माझ्याकडे पाहिलं.

"दार मला दिसत व्हतां गो. माझ्याच डोळ्यांसमोर व्हतां. तू मान हलवलास, म्हनून बसल्ये. म्हटलां, हिचां परमनंट व्हायचां हाय, बाप आडवा पडलाय. देव काय, फुडल्या वर्षी येल."

मला वर बघवेना. इतकी वर्षं मी मानत होते की मी त्यांना अडवलं. त्यांनी ती पालखी माझ्यासाठी सोडली होती, आणि मी त्यावर दोन वर्षं पगार घेतला होता.

"मग आला का पुढच्या वर्षी?" मी कसंबसं विचारलं.

"येतो की दर वर्षी. आनि रडतंस काय? ऊठ. आयकलांस? मोठ्या घराकडनां निघाली." त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. "चल, दारात उभी ऱ्हा माझ्याबरोबर."

आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या राहिलो. ढोल जवळ जवळ येत गेला, आवाज छातीत बसायला लागला, मी ताटातला नारळ अंगठ्यानं नीट धरून ठेवला. मग पालखी वळणावर दिसली, दारापाशी आली, आणि ढोल थांबला.